आनंदा चौगुलेची चाल

आनंदा चौगुले मरून तीसेक वर्षं झाल्यावर, एका रविवारी सकाळी, तो कोल्हापुरातल्या आपल्या घराच्या भिंतीवर चालू लागला.

समोर तिघं बसली होती. त्याची बायको नंदा, मुलगी वैजयंता आणि मुलगा संग्राम. पुण्याहून आलेल्या मिथिला सबनीस यांनी टेबलावर ठेवलेल्या डबीएवढ्या यंत्रातून भिंतीवर चित्र पडत होतं. एक उजाड पठार, आणि त्यावरून पाठमोरा चाललेला एक माणूस. त्याचे कपडे नीट रंगवलेले नव्हते आणि डोक्याच्या जागी नुसता करडा गोळा होता. काम अजून अर्धवट होतं.

नंदानं पदर तोंडाशी धरला. "हेच," ती म्हणाली. "असंच चालायचे ते. डावा खांदा जरा खाली टाकून."

वैजयंताला आप्पांचा चेहरा आठवत होता, आवाज थोडा आठवत होता, पण चाल आठवते हे तिला आत्ता कळलं. संग्रामला काहीच आठवत नव्हतं. आप्पा गेले तेव्हा तो बालवाडीतही जात नव्हता. तो भिंतीकडे बघत राहिला, एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तसा.

आनंदा सिनेमात स्टंट करायचा. नायकाच्या जागी घोड्यावरून पडायचं, छपरावरून उडी मारायची, कड्यावर चढायचं. 'अग्निकडा' हा त्याचा शेवटचा सिनेमा. त्या सिनेमावर मोबाइलचा गेमही निघाला होता, आणि गेममधल्या नायकाच्या हालचालींसाठी आनंदाला स्टुडिओत नेऊन त्याच्या सांध्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवल्या होत्या. चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांनी त्या टिकल्या क्षणाक्षणाला कुठे आहेत ते टिपून घेतलं. चेहरा नायकाचा, अंग आनंदाचं. गेम निघाला, उन्हाळाभर पोरांनी तो खेळला आणि मग लोक विसरून गेले.

मिथिला ज्या 'पुनर्डाव' कंपनीत काम करत होत्या ती असे जुने, सिनेमांवरचे गेम नव्यानं काढायची. आता कायदा बदलला होता. माणसाच्या हालचालींवर त्याचा, आणि त्याच्या मागे त्याच्या वारसांचा हक्क असे. कामाला हात लावण्यासाठी तिघांची परवानगी लागणार होती. तयार झालेला गेम बाजारात आणताना तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं की पुरे.

"गेम चांगला होता का पण?" संग्रामनं विचारलं. तो गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा. कुठलीही वस्तू दुरुस्त करण्यालायक आहे का, हा त्याचा नेहमीचा प्रश्न असे.

मिथिला हसल्या. "नाही. सिनेमा लागायच्या आत संपवायचा म्हणून घाईत केलेला. निम्म्या उड्या हुकायच्या. सिनेमांवरचे बहुतेक गेम तसेच असायचे."

"मग पुन्हा कशाला काढायचा?"

"तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता चाळिशीला आलेत. त्यांना चांगला गेम नकोय. त्यांना ती सुट्टी परत हवी आहे."

"ती मिळते का?"

"थोडा वेळ मिळते," मिथिला म्हणाल्या. "आणि या वेळी श्रेयनामावलीत तुमच्या वडिलांचं नाव असेल. मागच्या वेळी नव्हतं."

नंदानं पहिला अंगठा टेकवला. मग पोरांनी.

*

आनंदाच्या मरणाबद्दल पेठेत एकच गोष्ट सांगितली जाई. तो दीडशे फुटांचा कडा सरसर चढून गेला, आणि वर पोचल्यावर सपाटीवरून चालताना पडला. पठाराच्या कडेनं, कॅमेऱ्यासमोर, नुसतं चालायचं होतं. दोर सोडलेला होता. चढताना न पडलेला माणूस सपाटीवर पडतो, तो पिलेलाच असणार, असं युनिटमधल्या कुणीतरी म्हटलं, आणि मग सगळ्यांनी तेच म्हटलं. अलीकडे तो सेटवर झोकांड्या देत यायचा हे कितीतरी जणांनी बघितलं होतं. नंदानं त्यानंतर शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकावर पोरं वाढवली. दारुड्याची पोरं, हे तिनं पाठीमागून पुष्कळदा ऐकलं आणि कधी उत्तर दिलं नाही.

वैजयंता एसटीत चालक झाली. कोल्हापूर–गगनबावडा–कणकवली या मार्गावर तिची गाडी असायची. नव्या विजेच्या गाड्या सपाटीवर आपल्या आपण चालत, पण घाट लागला की चाक माणसाच्याच हातात द्यावं लागे. धुकं, दरड, वळणावर बसलेली म्हैस, यातलं यंत्राला अजून भरवशानं काही कळत नव्हतं. करूळ घाटाची सगळी वळणं वैजयंताच्या खांद्यांत बसली होती. लग्न तिनं केलं नव्हतं. चाक हातात असलं की तिला बरं वाटायचं, एवढंच ती कारण सांगायची.

मिथिलांचा फोन आला तेव्हा ती आगारात गाडी लावत होती.

"भेटून बोलायचंय, ताई. फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी मिथिला आगाराच्या उपाहारगृहात येऊन बसल्या. चहा आला, त्यांनी घेतला नाही.

"गेम चाचणीला दिला होता," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्यांची तक्रार आली. कडा चढताना पात्र एकदम झकास, पण सपाटीवर डगमगतं. आम्हाला वाटलं आमची चूक. पण पूरक ते दुरुस्त करायला तयार होईना."

"पूरक कोण?"

"आमची प्रणाली. जुन्या गेममध्ये हालचालींचा फार थोडा भाग वापरलेला असतो. मधले तुकडे गायब असतात. पूरकनं लाखो माणसांचं चालणं शिकून घेतलंय. अर्धवट हालचाली दिल्या की तो उरलेला माणूस भरून काढतो." त्यांनी बोटांनी टेबलावर दोन पायांसारखं चालून दाखवलं. "प्रत्येकाच्या चालीत चुका असतात. पाय जरा बाहेर पडतो, जरा आत. पण पुढच्या पावलाला ती चूक आपोआप सुधारली जाते. तुमच्या वडिलांची चूक सुधारली जात नव्हती. ती पुढच्या पावलात जाई, त्याच्यापुढच्या पावलात वाढे. पूरकनं शिक्का मारला की ही नोंदीतली खोट नाही, ही या माणसाचीच चाल आहे."

"मग?"

"जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकला की कसं होतं? तसं त्यांना प्रत्येक पावलाला थोडंथोडं होत होतं." मिथिला थांबल्या. "मी ती चाल आमच्या एका सल्लागार डॉक्टरांना दाखवली. नाव न सांगता. त्यांनी विचारलं, हे गृहस्थ जिवंत आहेत का, आणि यांना मुलं आहेत का."

वैजयंतानं त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाला विचारून दाखवलीत?"

"नाही विचारलं."

"मला आत्ता सांगायला आलात तेही न विचारताच आलात."

"हो," मिथिला म्हणाल्या. "तुम्ही घाटात गाडी चालवता हे मला माहीत होतं. गप्प बसणं मला जमलं नाही."

मग वैजयंता उठली, आगार व्यवस्थापकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली की चक्कर येतेय, काही दिवस चाक नको, कार्यशाळेत काम द्या. तिला चक्कर येत नव्हती. खोटं कारण सांगायची तिच्या नोकरीतली ती पहिली वेळ.

*

मिरजेला डॉ. तांबोळी यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. त्या मेंदूविकारांच्या डॉक्टर होत्या, वयस्क, सावकाश बोलणाऱ्या.

मानेच्या वर, मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. पाय कुठे पडणार आहे याचा अंदाज तो आधी बांधतो आणि पडल्यावर तो अंदाज दुरुस्त करतो. काही घराण्यांत एका जनुकातला तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा लिहिला जातो. थोड्या वेळा लिहिला तर काही बिघडत नाही. मर्यादेबाहेर गेला की लहान मेंदूच्या पेशी हळूहळू मरू लागतात. आधी चाल जाते, मग हात, मग बोलणं, मग गिळणं. माणूस झिंगल्यासारखा दिसतो, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं.

"औषध?"

"झिजेचा वेग कमी करणारं आता आलंय. लवकर सुरू केलं तर काही वर्षं हाताशी लागतात. थांबवणारं नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक म्हणा. आणि बापाकडून आलं तर तो तुकडा आणखी लांबतो. म्हणजे पुढच्या पिढीत आजार आणखी लवकर दिसतो."

"माझ्या भावाला मुलगी आहे. सात वर्षांची."

"लहान मुलांची तपासणी आम्ही करत नाही. मोठी झाल्यावर तिचं तिनं ठरवायचं. तुमचं काय? माहीत करून घ्यायलाच हवं असं नाही. पुष्कळजण घेत नाहीत."

"मी नाही म्हटलं तर चाक हातात कशी घेऊ?" वैजयंता म्हणाली. "मागं पन्नास माणसं बसलेली असतात."

डॉक्टरांनी रक्त घ्यायला सांगितलं.

*

त्या रविवारी वैजयंतानं संग्रामला एकट्याला बोलावून घेतलं आणि आईसमोर सगळं सांगितलं. सांगताना ती जमिनीकडे बघत होती.

संग्राम काही बोलायच्या आत नंदा बोलू लागली, तेही हळू, स्वतःशीच बोलावं तसं.

"मी रोज तोंडाचा वास घ्यायची. ते आले की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ जायची. वास नसायचाच. तरी मला वाटायचं, वास न येणारं काहीतरी पितात. असतंय म्हणे तसलं." ती थांबली. "शेवटी शेवटी विचारलं मी त्यांना. शपथ घेऊन म्हणाले, नंदा, जमीनच सरकतीय बघ. मला वाटलं, दारूच बोलतीय."

वैजयंतानं तिचा हात धरला. नंदाला ते जाणवलं नसावं.

"आधी मला सांग, हे कुणाकुणाला माहीत आहे," संग्राम म्हणाला.

"त्या सबनीसबाईंना. डॉक्टरांना. आपल्याला."

"पल्लवीला सांगायचं नाही."

"तुझी बायको आहे ती."

"म्हणून सांगायचं नाही. आक्का, तुला लग्न नाही, पोर नाही. तू रक्त दे, काहीपण कर. मी देणार नाही. मला काही झालेलं नाही. रोज शिडीवर चढतो मी कारखान्यात."

"आप्पाही चढायचे."

संग्राम उठला. "त्या बाईला सांग गेम काढायचा नाही. काढायचाच असेल तर चाल सरळ करून काढा. कोण विचारतंय तीस वर्षांपूर्वीचा माणूस कसा चालत होता ते."

"मी विचारतीय," नंदा म्हणाली.

तिघांनाही कळलं की हा वाद आता सुटणारा नाही. संग्रामनं चप्पल घातली आणि तो जिना उतरून गेला.

*

अहवाल यायला जे दिवस लागले ते वैजयंतानं कार्यशाळेत टायर मोजत काढले. सहकारी विचारत, काय वैजूताई, चाक सोडलंस ते. ती म्हणे, चक्कर येतीय. घरी आली की ती फरशीच्या एका रेघेवरून टाचेला बोटं लावून चालून बघायची. कधी नीट जमायचं. कधी तोल जायचा आणि ती तिथंच बसून राहायची. मग तिनं ते बंद केलं, कारण रोज तोच खेळ आणि रोज वेगळा निकाल.

अहवाल चांगला आला. तिच्यात तो तुकडा मर्यादेच्या खूप आत होता.

डॉ. तांबोळी म्हणाल्या, "रडलात तरी चालेल. पुष्कळजण रडतात." वैजयंताला रडू आलं नाही. मिरजेहून येताना ती खिडकीशी बसून उसाची शेतं बघत होती, आणि तिच्या मनात एकच हिशेब फिरत होता. नाणं माझ्यासाठी एकदा उडवलं, संग्रामसाठी वेगळं. माझं सुलटं पडलं म्हणून त्याचं उलटं पडतं असं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. तरी तिला आपण भावाच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटत राहिलं.

तिनं त्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं, आक्का," आणि खरंच मनापासून म्हणाला. मग लगेच म्हणाला, "मला काही विचारू नकोस."

पुढच्या आठवड्यात मिथिला शेवटची मान्यता घ्यायला आल्या. त्यांच्याकडे गेमच्या दोन आवृत्त्या होत्या. एकीत आनंदा ताठ चालायचा, कुठल्याही गेममधल्या नायकासारखा. दुसरीत पूरकनं भरून काढलेली त्याची स्वतःची चाल.

"कंपनीला पहिली हवीय," मिथिला म्हणाल्या. "दुसरी खेळायला त्रास होतो. खरं सांगते, विकली जाणार नाही."

संग्रामनं आधीच फोनवरून नकार कळवला होता. नंदाचा होकार होता, पण फक्त दुसऱ्या आवृत्तीला. उरली वैजयंता.

नंदा भिंतीजवळ खुर्ची ओढून बसली होती आणि भिंतीवर नवरा पठारावरून चालत होता. पाय जरा फाकलेले, वळताना हात किंचित बाहेर, जणू कुणीतरी शेजारी असावं आणि त्याचा आधार घ्यावा. नंदा त्याला चालवत होती. यंत्राची कळ तिच्या हातात होती. कड्याकडे ती त्याला नेतच नव्हती. पठारावर नुसती इकडून तिकडे फिरवत होती.

"आजाराचं नाव कुठं येणार नाही ना?" वैजयंतानं विचारलं.

"आमच्याकडून नाही."

"मग चाल आहे तशी राहू दे."

तिनं अंगठा टेकवला. संग्रामला हे कंपनीनं कळवलं. त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नाही.

*

'अग्निकडा' दिवाळीच्या सुमारास निघाला. श्रेयनामावलीत पहिलंच नाव आनंदा चौगुले याचं होतं. चाळिशीतल्या माणसांनी तो हौसेनं घेतला आणि दोन दिवसांत शिव्या द्यायला सुरुवात केली. नायक पिऊन चालतो, असं कुणीतरी लिहिलं. त्याखाली हजारोंनी हसून घेतलं. जुना सिनेमा पाहिलेल्या एकानं लिहिलं, अरे, हा तोच स्टंटवाला, खरंच पिऊन मेला होता.

ते वैजयंतानं वाचलं आणि आईला दाखवलं नाही. पण शेजारच्या पोरीनं दाखवलं.

चार दिवसांनी एका वाहिनीचा माणूस पेठेत आला. वैजयंता पुन्हा चाकावर आली होती आणि तेव्हा कणकवलीत मुक्कामाला होती. नंदानं त्याला घरात घेतलं, चहा दिला, नवऱ्याचा फोटो काढून दाखवला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव न अडखळता सांगितलं. ते लांबलचक नाव तिनं पाठ केलं होतं. "माझा नवरा पीत नव्हता," ती म्हणाली. "लिहून घ्या. एक थेंब पीत नव्हता." तो माणूस चांगला होता. त्यानं तिचं म्हणणं जसंच्या तसं दाखवलं. फक्त शेवटी, लोकांना समजावं म्हणून, हा आजार आनुवंशिक असून मुलांत व नातवंडांत उतरू शकतो, एवढं एक वाक्य जोडलं.

संग्रामच्या बायकोनं, पल्लवीनं, ते निपाणीत माहेरी असताना बघितलं. आईवडिलांबरोबर, टीव्हीवर. मग ती परत आलीच नाही. मुलीचं, इराचं, नाव तिनं इथल्या शाळेतून काढून निपाणीच्या शाळेत घातलं. संग्राम न्यायला गेला तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "आजार असला म्हणून मी सोडून गेले नसते. तुला माहीत होतं, आणि आपण दुसऱ्या पोराचं बोलत होतो, तरी तू मला सांगितलं नाहीस."

नंदाला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी वैजयंतानं पेज केली आणि समोर बसून चमच्यानं भरवली.

"मी बोलायला नको होतं," नंदा म्हणाली.

"आई, खा."

"तीस वर्षं गप्प बसले. अजून दहा बसले असते तर मरूनच गेले असते. पोराचा संसार तरी राहिला असता."

वैजयंतानं चमचा पुढं केला. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

डिसेंबरात कंपनीनं नवी दुरुस्ती काढली. खेळणाऱ्याला 'मूळ चाल' किंवा 'सुधारित चाल' निवडता येई. मूळ चाल गेममध्ये राहिल्यानं वारसांना पुन्हा विचारावं लागलं नाही. मिथिलांनी फोन करून सांगितलं की जवळजवळ सगळ्यांनी सुधारित घेतलीय, आणि आता लोक कौतुक करतायत. मग त्यांनी विचारलं.

"ताई, हा गेम मी हातात घ्यायला नको होता का?"

"मला विचारू नका," वैजयंता म्हणाली, आणि फोन ठेवला.

*

जानेवारीत एका दुपारी वैजयंतानं कोकणातून वर येऊन गगनबावड्याला गाडी थांबवली, तेव्हा स्टँडच्या बाकावर संग्राम बसला होता. दाढी वाढलेली, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. त्या दिवशी तिची फेरी तिथूनच परत खाली कणकवलीला जायची होती. वाहकाला तिनं जरा थांबायला सांगितलं.

"इथं कसा?"

"तुझी वेळ विचारली आगारात." तो तिच्याकडे बघत नव्हता. "आक्का, मी तो गेम घेतला. दोन्ही चालींनी खेळलो. आधी सुधारित. मग आप्पांची."

ती शेजारी बसली.

"त्या गेममध्ये एक देऊळ आहे, पठारावर. तीन पायऱ्या. आप्पा त्या उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून घेतात, मग पुढचा टाकतात. लहान पोर उतरतं तसं." त्यानं हात पॅंटवर पुसले. "मी गेलं वर्षभर कारखान्याचा जिना तसाच उतरतोय. मला वाटत होतं, गुडघा दुखतोय."

समोर स्टँडच्या मोकळ्या जागेपलीकडे दरीच्या बाजूनं दगडी कठडा होता. वाऱ्याला धार होती. प्रवासी गाडीत चढून बसले होते.

"जरा बघशील?" तो म्हणाला. "तू आप्पांची चाल इतक्या वेळा बघितलीस. तुला कळेल."

"डॉक्टरांना दाखवू. मी येते मिरजेला."

"दाखवू. आधी तू बघ."

तो उठला आणि कठड्याच्या कडेकडेनं चालत गेला. हात कठड्यापासून वीतभर अंतरावर, लागत नव्हता, पण तिथंच होता. टोकाला जाऊन तो वळला आणि तसाच परत आला. चाल चांगली होती. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं.

"काय?" तो म्हणाला.

वैजयंताच्या ओठांवर, चांगलं चालतोस की, हे शब्द आले होते. त्याला तेच हवं होतं, हेही तिला दिसत होतं. पल्लवी दारात उभी राहून काय म्हणाली ते त्यानंच एकदा आईला फोनवर सांगितलं होतं.

"कठडा सोडून चाल," ती म्हणाली. "मधून."

संग्राम तिच्याकडे बघत राहिला. मग तो कठड्यापासून दूर, मोकळ्या जागेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिथं आजूबाजूला धरण्यासारखं काही नव्हतं. त्यानं पाय टाकला. दुसरा टाकला. पावलं हळूहळू फाकत गेली. वळायच्या जागी त्याचा उजवा हात बाजूला गेला, हवेत काहीतरी शोधल्यासारखा, आणि तो एक पाऊल तिरका सरकून थांबला. पुढं तो आला नाही. तिथूनच त्यानं तिचं तोंड पाहिलं.

"बस," तो म्हणाला. "कळलं."

वैजयंता उठून त्याच्यापाशी गेली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. तो एवढा जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तू तो गेम काढू दिला नसतास तर मला अजून वर्ष-दोन वर्षं काही कळलं नसतं," तो म्हणाला. "बरी गेली असती ती."

"हो," ती म्हणाली.

"औषध लवकर सुरू केलं तर काही वर्षं मिळतात म्हणालीस ना?"

"काही."

"तेवढ्यात इरा किती मोठी होईल?"

तिनं मनातल्या मनात मोजून पाहिलं, आणि सांगितलं नाही. वाहकानं गाडीतून हाक मारली. ती त्याला घेऊन दारापर्यंत गेली. पायऱ्या चढताना त्यानं दांडी घट्ट धरली आणि तो सहज वर गेला, आधार असला की जात होता तसा. चालकामागच्या सीटवर त्याला बसवून वैजयंता आपल्या जागी आली. घाटाच्या तोंडाशी यंत्रानं चाक तिच्या हाती दिलं. त्या दुपारी तिनं गाडी इतकी सावकाश उतरवली की मागचे प्रवासी कुरकुरले, आणि संग्राम प्रत्येक वळणाला समोरची दांडी धरून, कुणाला दिसू नये अशा बेतानं, तोल सावरत राहिला.